कंपवातात नैसर्गिक औषधे वापरायची असतील, तर ती कशी पारखावीत

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन आजाराचे, निदान झाले की रुग्णाच्या हाती दोन गोष्टी जवळजवळ एकदमच येतात: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि कोणीतरी आपुलकीने सुचवलेल्या चूर्णाचे किंवा कॅप्सूलचे नाव. दुसऱ्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास टाकणे जितके चुकीचे, तितकेच तिला सरसकट थोतांड म्हणून झटकून टाकणेही चुकीचे आहे, कारण या आजारावरचे आजवरचे सर्वांत गुणकारी औषध मुळात एका शेंगेतून हाती लागलेले आहे. म्हणून निसर्गातून आलेल्या प्रत्येक पदार्थाकडे औषध म्हणूनच पाहावे आणि औषधाला विचारतो तेच प्रश्न त्यालाही विचारावेत, असे मी सुचवीन. त्याचे काम कोणते, मात्रा किती, आधीच्या गोळ्यांशी त्याचे जमते का, आणि गुण आला हे ठरवायचे कसे?

पहिला प्रश्न: हा पदार्थ नेमके कोणते काम करणार?

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा मेंदूत काय बिघडते याची कोणाला कल्पना नव्हती. आज आपल्याला माहीत आहे की मेंदूच्या मध्यभागाजवळच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या, हालचालींचे संदेश पोचवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. हाताचा कंप, अंगाचा ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा दिसू लागतो तोवर या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. याशिवाय बद्धकोष्ठ, वास न येणे, झोपेत हातपाय झाडणे, उभे राहताना रक्तदाब उतरणे आणि उदासी ही लक्षणेही आजाराचाच भाग आहेत, आणि त्यांतली काही कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेली असतात.

यावरून एखाद्या पदार्थाची कामे तीनच संभवतात. तो कमी पडलेले डोपामिन भरून काढेल, पेशींचा ऱ्हास मंदावेल, किंवा बद्धकोष्ठासारखे एखादे लक्षण हलके करेल. कोणी ‘कंपवातावर चांगले आहे’ असे म्हटले की या तिघांपैकी कोणते, असे तिथल्या तिथे विचारावे. उत्तर ‘सगळेच’ असे आले, तर पुढे चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

डोपामिन भरून काढणारी खाजकुयली

पहिले काम खरोखर करणारी वनस्पती म्हणजे खाजकुयली, जिला कपिकच्छू असेही म्हणतात. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते; औषधी भाग मात्र आतल्या बियांत असतो. या बियांच्या वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के भाग लेव्होडोपा असतो, म्हणजे डॉक्टरांच्या गोळीत जो रेणू असतो तोच. तो मेंदूत पोचल्यावर त्याचे डोपामिन होते.

या रेणूचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण मात्रेचा धडा त्यातच आहे. १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळा केला आणि त्यातला अडीच ग्रॅम स्वतःच घेऊन पाहिला, तेव्हा त्याला मळमळून उलट्या झाल्या. खाजकुयलीच्या बियांतही तोच रेणू असल्याचे १९३७ मध्ये दिसून आले. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन यांनी रेझर्पिन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांना डोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये ओलेह हॉर्निकिएविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेले असल्याचे दाखवले, तर १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती आठवड्यांमागून आठवडे वाढवत नेली आणि उपचार खऱ्या अर्थाने यशस्वी केला. गुगेनहाइमच्या उलट्या आणि कोट्झियासचे यश यांच्यात रेणू बदलला नव्हता. मात्रा आणि ती चढवण्याची रीत बदलली होती.

जाता जाता एक नोंद: कार्लसन यांनी सशांना निश्चेष्ट करण्यासाठी वापरलेले रेझर्पिन हे सर्पगंधेच्या मुळांत सापडणारे द्रव्य आहे. एका वनस्पतीने डोपामिन काढून घेतले आणि दुसऱ्या वनस्पतीत सापडणाऱ्या रेणूने ते परत दिले. दोन्ही तितक्याच नैसर्गिक.

आता हिशेब मांडू. दहा ग्रॅम बियांच्या चूर्णात सुमारे ४०० ते ६०० मिलिग्रॅम लेव्होडोपा असेल. हा आकडा गोळीवरच्या १०० मिलिग्रॅमच्या शेजारी ठेवला तर प्रचंड वाटतो, पण गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतो. लेव्होडोपा एकटा घेतला तर त्याचा बहुतेक भाग मेंदूबाहेरच डोपामिन होऊन वाया जातो, आणि मळमळ होते व रक्तदाब उतरतो तो त्यामुळेच. कार्बिडोपा ही गळती थांबवतो, आणि म्हणून मात्रा साधारण पाऊणपट कमी पुरते. नुसत्या चूर्णातले ५०० मिलिग्रॅम अशा रीतीने ढोबळमानाने एखाद्या गोळीइतकेच काम करतात.

मात्र जो रुग्ण गोळ्या आधीपासून घेत आहे, त्याने त्यावर चूर्ण घेतले तर गोळीतला कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही गळतीपासून वाचवतो. मग तेच पाचशे मिलिग्रॅम कित्येक पट जोराने लागू पडतात, आणि हातपाय आपोआप वळवळणे, भ्रम होणे, उभे राहताच चक्कर येऊन पडणे असे प्रकार घडू शकतात. ‘थोडेसे वरून घेतले तर काय बिघडणार?’ या वाक्यातला सगळा धोका इथे आहे. माझ्या मते पूर्ण लेखातून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

माणसांवरचे अभ्यास काय सांगतात? २००४ मध्ये आठ रुग्णांवर झालेल्या एका काटेकोर तुलनेत तीस ग्रॅम चूर्णाचा परिणाम सुमारे अर्ध्या तासात सुरू झाला, तर गोळीला तासाहून थोडा अधिक वेळ लागला. चूर्णाचा परिणाम सुमारे ३७ मिनिटे अधिक टिकला, आणि अनैच्छिक हालचाली मात्र वाढल्या नाहीत. हे आशादायक आहे, पण तुलना एकेका मात्रेची होती आणि रुग्ण आठच होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ रुग्णांना सोळा आठवड्यांच्या टप्प्यात रोज चूर्ण देण्यात आले, तेव्हा सात जणांना ते मध्येच सोडावे लागले. चौघांना पोटाचा त्रास झाला आणि तिघांच्या हालचाली बिघडत गेल्या. एका दुपारी उत्तम वाटणारे औषध चार महिने पेलवेलच असे नाही, हे या दोन अभ्यासांतले अंतर सांगते.

तरीही खाजकुयली घ्यायचीच ठरली, तर ती मेंदूविकारतज्ज्ञाला सांगून, गोळ्यांची मात्रा त्यांच्याकडून जुळवून घेऊनच घ्यावी. डब्यावरचे लेबल हातात घेऊन बारकाईने पाहा. ‘शुद्ध बीजचूर्ण ५०० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिले असेल तर ते चूर्णाचे वजन झाले. त्यातला लेव्होडोपा २० ते ३० मिलिग्रॅमच असेल. ‘१५ टक्के लेव्होडोपापर्यंत प्रमाणित अर्क’ असे असेल, तर तेवढ्याच वजनाच्या कॅप्सूलमध्ये ७५ मिलिग्रॅम असेल. लेव्होडोपाचा आकडाच दिलेला नसेल तर ती वस्तू परत ठेवावी, कारण जिची मात्रा माहीत नाही ती जुळवणार कशी? आकडा दिलेला असला तरी तपासणीत प्रत्यक्ष प्रमाण लेबलपेक्षा बरेच कमी-जास्त निघाल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे एकच उत्पादन कायम ठेवावे आणि नवा डबा उघडल्यावर पहिले काही दिवस जास्त लक्ष ठेवावे.

ज्यांना भ्रम होतात, ज्यांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो किंवा ज्यांना बंद कोनाचा काचबिंदू आहे, त्यांनी हा प्रयोग स्वतःहून अजिबात करू नये.

ऱ्हास मंदावण्याचे दावे

बाजारातील बहुतेक जाहिराती दुसऱ्या कामाच्या असतात, आणि पुरावा सर्वांत लंगडा आहे तोही इथेच. हळदीतील कर्क्युमिन, ग्रीन टीमधील पॉलिफेनॉल, द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल अशा अनेक द्रव्यांनी काचेच्या बशीतील पेशी आणि उंदीर वाचवले आहेत. पण उंदराला आधी संरक्षक द्रव्य देऊन मग विष टोचणे आणि माणसाच्या मेंदूत वर्षानुवर्षे चाललेला ऱ्हास निदानानंतर अडवणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कर्क्युमिनसारखे द्रव्य आतड्यातून रक्तातच इतके थोडे उतरते की मेंदूपर्यंत किती पोचत असेल हा प्रश्नच आहे.

पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या कोएन्झाइम क्यू-१० या द्रव्याची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. २००२ मध्ये ८० रुग्णांवरील छोट्या अभ्यासात मोठी मात्रा घेणाऱ्यांचा आजार सावकाश वाढल्याचे दिसले आणि कॅप्सूलचा खप वाढला. मग ६०० रुग्णांवर, दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅम अशा मात्रा देऊन मोठी चाचणी झाली. उपयोग होण्याची शक्यता नाही असे दिसल्याने ती मध्येच थांबवावी लागली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्रिएटिनचे तसेच झाले: १७४१ रुग्ण, दिवसाला दहा ग्रॅम, काही वर्षे, आणि फायदा शून्य. ई जीवनसत्त्व ८०० रुग्णांच्या चाचणीत निष्प्रभ ठरले. रक्तातील युरिक आम्ल वाढवणारे इनोसिन २९८ रुग्णांना दिले गेले. आजार मंदावला नाही, मूतखडे मात्र वाढले. कॉफीचे सेवन करणाऱ्यांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत कंपवात कमी आढळतो हे लोकसंख्येच्या पाहण्यांत वारंवार दिसले आहे, पण निदान झालेल्यांना कॅफीन किंवा निकोटीनच्या पट्ट्या दिल्यावर आजारात सुधारणा झाली नाही. कॅफीनच्या २०१२ मधील ६१ रुग्णांच्या अभ्यासात हालचाली थोड्या सुधारल्या होत्या. २०१७ मध्ये १२१ रुग्णांत ती सुधारणा टिकली नाही.

वनस्पतींच्या बाहेरचे एक उदाहरण मला विशेष वाटते. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या द्रव्यावरून मधुमेहाचे एक्झेनाटाइड हे औषध तयार झाले. २०१७ मध्ये साठेक रुग्णांत ते कंपवातावर उपयोगी पडेल असे वाटले, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ते निष्फळ ठरले. तिथे मूळ स्रोत नैसर्गिक होता, कारणमीमांसा पटण्याजोगी होती आणि संशोधक प्रामाणिक होते, तरीही आशा खोटी ठरली. मग ज्या पदार्थाची चाचणीच झालेली नाही, त्याच्याबद्दल ठामपणे बोलणाऱ्याला इतकी खात्री कुठून येते, हे विचारायला हवे.

म्हणून या गटातील कोणताही दावा वाचताना पाहावे: प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर, माणसे किती होती, त्यांतील काहींना खोटी, निष्क्रिय गोळी दिली होती का, आणि अभ्यास किती महिने चालला. चारांपैकी दोन उत्तरे सापडत नसतील तर पैसे वाचवावेत.

आणि काही नैसर्गिक पदार्थ उलट दिशेने जातात. झाडांच्या मुळांतून मिळणारे रोटेनोन हे कीटकनाशक प्रयोगशाळेत उंदरांना कंपवातासारखा आजार जडवण्यासाठी वापरतात. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर औषधांना दाद न देणारा कंपवातसदृश विकार मोठ्या प्रमाणात आढळला, आणि १९९९ पासूनच्या संशोधनात त्याचा संबंध लक्ष्मणफळाची फळे व पानांचा काढा नियमित घेण्याशी जोडला गेला; त्यातील अ‍ॅनोनासिन हे द्रव्य चेतापेशींना घातक आहे. सर्पगंधा आणि मनःशांतीसाठी विकली जाणारी कावा ही वनस्पती, या दोन्ही कंपवाताच्या रुग्णाने टाळाव्यात.

लहान लक्षणे, खरा आराम

तिसऱ्या कामाची कोणी फारशी जाहिरात करत नाही, पण रोजचा दिवस सुसह्य होतो तो इथेच. कंपवातात आतड्यांची हालचालही मंदावते, आणि पोट साफ नसेल तर गोळीही आतड्यात उशिरा पोचते. इसबगोलासारखा तंतुमय पदार्थ भरपूर पाण्याबरोबर घेतल्याने शौचाची वारंवारता सुधारते. प्रोबायोटिक जिवाणू आणि तंतू घातलेले आंबवलेले दूध चार आठवडे दिल्यावर बद्धकोष्ठ कमी झाल्याचे २०१६ मध्ये १२० रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत दिसले. दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. इसबगोल आणि गोळ्या यांच्यात दोन तासांचे अंतर असावे. आणि गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला ते कोरडे किंवा घट्ट कालवून कधीही देऊ नये, कारण ते घशातच फुगते.

झोपेत ओरडणे आणि हातपाय झाडणे यांसाठी मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वापरले जाते. अनुभव संमिश्र आहे, पण ते सहसा सोसते, म्हणून डॉक्टरांशी बोलून पाहण्याजोगे आहे.

गोळ्यांशी होणारी भांडणे

लेव्होडोपा, मग तो गोळीतला असो वा बीजातला, आतड्यात शोषला जाताना प्रथिनांतील अमिनो आम्लांशी स्पर्धा करतो. म्हणून तो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेणे बरे. अनेक ‘शक्तिवर्धक’ मिश्रणांत प्रथिनांची भुकटी असते आणि ती नेमकी गोळीच्या वेळी घेतली जाते, हे लक्षात असू द्यावे. लोह लेव्होडोपाला बांधून ठेवते, त्यामुळे लोहाची पूरके दोन तास लांब ठेवावीत. ब-६ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा कार्बिडोपा सोबत नसेल तर लेव्होडोपाचा परिणाम घटवते. नुसत्या खाजकुयलीवर असणाऱ्याला हे लागू पडते. सेलेजिलिन किंवा रसाजिलिन या कंपवातावरच्याच गोळ्या घेणाऱ्यांनी उदासीवरची सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेऊ नये, कारण मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. स्मरणशक्तीसाठी घेतली जाणारी गिंको ही वनस्पती रक्त गोठण्यात अडथळा आणू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याची माहिती शल्यचिकित्सकाला द्यावी.

गुण आला, हे ठरवायचे कसे

कंपवात हा स्वतःला फसवण्यास फार सोपा आजार आहे, आणि यात रुग्णाचा दोष नाही. २००१ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवण्यात आले की औषध मिळाले असे वाटताच, निष्क्रिय द्रव्य दिलेल्या रुग्णांच्या मेंदूतही खरोखरचे डोपामिन स्रवते. म्हणजे पहिल्या आठवड्यातली सुधारणा खरी असते, पण ती पदार्थाचीच असेल असे नाही.

यावर उपाय वहीचा. नवीन काही सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसत्या नोंदी ठेवाव्यात, मग एका वेळी एकच पदार्थ सुरू करावा आणि त्याला निदान सहा ते आठ आठवडे द्यावेत. नोंद अशी असावी: ‘सकाळी ८ वाजता गोळी. ८.५० ला मूठ सैल झाली, सदऱ्याची पाच बटणे चार मिनिटांत लावली. ११.१५ ला दाराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. ११.३० ला दुसरी गोळी, दुपारी १२.२० पर्यंत परिणाम नाही. त्याआधी पोटभर जेवण झाले होते.’ ‘आज बरे वाटले’ या नोंदीचा उपयोग नाही. दर रविवारी ठरावीक वेळी एकच वाक्य त्याच वहीत लिहून घ्यावे. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते का, हे महिन्याने पाने उलटताना डोळ्यांना दिसते. शक्य असेल तर रात्री कुशीवर वळायला किती त्रास झाला हेही लिहावे. पुष्कळ रुग्ण हे सांगायचे विसरतात.

थांबायचे केव्हा

उभे राहताच अंधारी येणे, नसलेली माणसे दिसणे, हातपाय आपोआप वळवळणे, खर्च किंवा जुगाराची अनावर इच्छा होणे, सतत मळमळणे, यांतले काहीही सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मळमळीवर घरातले जुने औषध घेण्याचा मोह मात्र आवरावा: मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीवरची नेहमीची औषधे मेंदूतील डोपामिनचे काम अडवतात आणि कंपवात वाढवतात. चूर्णाने मळमळले, त्यावर हे औषध घेतले, ताठरपणा वाढला आणि म्हणून चूर्णाची मात्रा वाढवली, असे चक्र नकळत सुरू होते.

आणि दीर्घकाळ चाललेली खाजकुयलीची मोठी मात्रा एका दिवसात बंद करू नये. लेव्होडोपा अचानक तुटला तर तीव्र ताठरपणा, तापाचा भडका आणि शुद्ध हरपणे असा जिवावर बेतणारा प्रसंग ओढवू शकतो. म्हणूनच रुग्णाच्या पिशवीत गोळ्यांच्या यादीबरोबर चूर्णाचे नाव, मात्रा आणि वेळही लिहून ठेवावी, म्हणजे अपघाताने कधी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेच, तर तिथल्या डॉक्टरांना कळेल की या माणसाला लेव्होडोपा दोन ठिकाणांहून मिळत होता.